एका घरात दोन कुत्री: भांडणं थांबवायची तर सुरुवात कुठून करायची

चिंगी तीन महिन्यांची असताना आमच्याकडे आली, तेव्हा भुरी सहा वर्षांची होती. दोघी पुण्यातल्या रस्त्यावरच्या, दोघी माद्या, दोघींची नसबंदी झालेली. पहिले दहा-अकरा महिने घरात काही घडलं नाही. चिंगी भुरीच्या शेपटीला लोंबकळायची आणि भुरी सहन करायची. मग चिंगी चौदा महिन्यांची झाली. एका संध्याकाळी बेल वाजली, दोघी एकदम दाराकडे धावल्या, चपलांच्या स्टँडपाशी बोळात अडकल्या, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात भुरीच्या कानाला तीन टाके घालावे लागतील अशी जखम झाली.

त्यानंतर सल्ल्यांची रांग लागली. ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत,’ असं शेजारच्या काकांनी सांगितलं. घरी आलेल्या ट्रेनरचं निदान वेगळं होतं: घरात लीडर कोण हे ठरलेलं नाही. मोठीला आधी जेवण द्या, तिलाच आधी दारातून सोडा, आणि छोटी गुरगुरली की तिला उताणी पाडून धरून ठेवा. मी हे सगळं मनापासून केलं. दीड महिन्यात चिंगीचं गुरगुरणं थांबलं आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण तिने फक्त आधी सांगणं बंद केलं होतं. पुढचं भांडण झालं ते कसल्याही आवाजाशिवाय, सोफ्यावर, माझ्या मांडीला लागून.

हा लेख त्या दुसऱ्या भांडणानंतर शिकलेल्या गोष्टींचा आहे. ज्यांच्या घरी दोन कुत्री आहेत आणि त्यांच्यात ठिणग्या उडायला लागल्या आहेत, त्यांच्यासाठी तो क्रमाने लिहिला आहे. क्रम शक्यतो मोडू नका. मधली पायरी गाळून थेट ‘आता दोघांना समोरासमोर आणून बघू’ असं केलं की बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वर्चस्वाबद्दल आधी थोडं

‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, ही कल्पना कुत्र्यांकडे आली लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 साली त्यावर लिहिलं. ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते. तिथे चढाओढ दिसली आणि ‘कळपात एक राजा असतो’ हे चित्र पक्कं झालं. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ते जगभर नेलं. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समियर बेटावर, मोकळ्या लांडग्यांच्या सोबत अनेक उन्हाळे काढले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. आईबाप पुढे असतात कारण ते आईबाप आहेत. कुणाला लोळवून त्यांनी ती जागा मिळवलेली नसते. स्वतः लोकप्रिय केलेली कल्पना अशी जाहीरपणे मागे घेणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

म्हणजे कुत्र्यांमध्ये वरचढ-दुय्यम असं काही नसतंच का? असतं. रोमच्या उपनगरातल्या मोकळ्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्रम स्पष्ट दिसला, आणि वयाने मोठी कुत्री साधारणपणे वर होती. पण तो क्रम सर्वांत नीट दिसला तो खालच्याच्या वागण्यातून: शेपूट खाली घालणं, समोरच्याचं तोंड चाटणं, बाजूला होणं. खालचा आपणहून वाट देतो, म्हणून रोजचं चालतं.

आता आपला फ्लॅट आठवा. वाट द्यायची तर जाणार कुठे? वस्तीवर, शेतावर दोन कुत्री भांडली तर एक उठून गोठ्यामागे जाऊन झोपतं. आमच्या घरात दार ते हॉल हा बोळ जेमतेम तीन फुटांचा, त्यात चपलांचं स्टँड. ज्या कुत्र्याला मागे हटायचं आहे त्यालाही हटता येत नाही. मला कळलेली मुख्य गोष्ट हीच. घरातली बहुतेक भांडणं ठरावीक वस्तूवरून, ठरावीक जागी होतात, आणि आपण तिथे माघारीची जागा ठेवलेली नसते. शिवाय वरचढपणाही सगळीकडे सारखा नसतो. हाडावर भुरीचा हक्क, तिथे चिंगी फिरकत नाही. खिडकीवर चिंगीचा, तिथे भुरी मान वळवून जाते. अशा दोघींमधून ‘मोठी कोण’ हे मी ठरवून जाहीर करणार म्हणजे काय करणार?

पहिलं काम: दोघांना वेगळं करा

भांडण होऊन रक्त आलं असेल तर त्याच दिवसापासून दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. किमान तीन दिवस पूर्ण वेगळं. ‘आता मिटवून टाका रे’ म्हणून लगेच समोर बसवायचं नाही. अंगातला ताण तासाभरात उतरत नाही; त्या अवस्थेत एरवी चालून गेलं असतं असं साधं बघणंही ठिणगी ठरतं.

वेगळं ठेवणं म्हणजे एकाला बाल्कनीत कोंडणं नव्हे. पाळी लावा. सकाळी एक जण हॉलमध्ये तुमच्यासोबत, दुसरा बेडरूममध्ये चघळायला काहीतरी घेऊन, दुपारी उलट. बंद दाराआड रडण्याची सवय असेल त्याच्यासोबत घरातलं कुणीतरी बसावं. आमच्याकडे आईने पंधरा दिवस बेडरूममध्ये पोथी वाचली आणि चिंगी तिच्या पायाशी झोपली.

नुसत्या दारांवर विश्वास ठेवू नका. घाईत कुणीतरी दार उघडं टाकतंच. सुताराकडून चौकटीत बसेल असं जाळीचं दार करून घ्या किंवा लहान मुलांसाठी मिळतं ते अडसराचं गेट आणा. गेट कुत्र्याला उडी मारता येणार नाही इतकं उंच हवं. सुरुवातीला त्यावर चादर टाका, म्हणजे एकमेकांकडे रोखून बघणं होणार नाही.

मग डॉक्टर, भांडणाची जखम नसली तरी

आधी शांत असलेलं कुत्रं अचानक चिडकं झालं तर पहिला संशय दुखण्यावर घ्या. कानातला संसर्ग, दाताचं दुखणं, कमरेचा किंवा गुडघ्याचा सांधा, कमी झालेली नजर, थायरॉइड. वय झालेल्या कुत्र्याच्या अंगावर पिल्लू धडकतं, त्याला कळ जाते आणि ते चावतं. घरच्यांना दिसतं ‘म्हाताऱ्याला मत्सर वाटतो’. गोचीड तापातही अंग दुखतं आणि आपल्याकडे तो वर्षभर भेटतो.

चाव्याच्या जखमेबद्दल एक सांगायलाच हवं. सुळ्याचं भोक बाहेरून तांदळाएवढं दिसतं आणि आत खिसा झालेला असतो. हळद भरून मोकळं होऊ नका. आत पू झाला की तिसऱ्या दिवशी सूज येते आणि मग भूल देऊन उघडावं लागतं. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली गोळी कधीही देऊ नका; आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरतं.

नसबंदी झालेली नसेल तर तीही इथेच बोलून घ्या. दोन नर असतील आणि सोसायटीत कुणी मादी माजावर असेल तर घरातलं वातावरण बदलतं. दोन माद्यांपैकी एक माजावर आली, साधारण सहा महिन्यांनी येते आणि तीनेक आठवडे टिकते, तरीही बदलतं. नराची नसबंदी केली म्हणून दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही. काही आठवडे जातात. भांडणाची सवयच लागलेली असेल तर केवळ शस्त्रक्रियेने ती जात नाही.

वही

हे कंटाळवाणं काम आहे आणि मला सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला. गुरगुर, रोखून बघणं, अंगावर जाणं, काहीही झालं की लिहायचं: वेळ, जागा, जवळ कोणती वस्तू होती, घरातलं कोण होतं, आधीच्या तासाभरात काय झालं. कोण चूक हे लिहायचं नाही.

तीन आठवड्यांत माझ्या वहीत नऊ नोंदी झाल्या. सहा दाराजवळच्या, त्यांतल्या चार बेल वाजल्यावरच्या. दोन सोफ्यावरच्या, मी बसलेली असताना. एक स्वयंपाकघरात, पोळी खाली पडली तेव्हा. रात्री, बाहेर फिरताना, गच्चीवर एकही नाही. ‘या दोघींचं पटतच नाही’ असं आम्ही म्हणत होतो आणि कागदावर दिसत होतं की दिवसातले तेवीस तास त्यांचं पटत होतं. उरलेल्या एका तासाचा बंदोबस्त करायचा होता.

घर पुन्हा लावा

वहीत जे निघेल ते एकेक करून घराच्या मांडणीतून काढून टाकायचं. शिकवणं नंतर येतं.

जेवण. दोघांच्या थाळ्या वेगवेगळ्या खोल्यांत, मध्ये बंद दार. रोज, कायमचं. ‘आमची शेजारी शेजारी जेवतात’ याचा अनेकांना अभिमान असतो, पण त्यातून कुत्र्याला काहीच मिळत नाही. त्याला घाईघाईने गिळावं लागतं. जेवून झालं की थाळ्या उचलायच्या आणि मगच दार उघडायचं, कारण रिकामी थाळी चाटायला जाताना भांडणारी कुत्रीही असतात. हाडं, चघळायच्या काठ्या, आत खाऊ भरलेली खेळणी हे सगळं असंच बंद दारामागे. पाण्याची भांडी किमान दोन, वेगळ्या जागी, आणि कोपऱ्यात नकोत. कोपऱ्यात पाणी पिणाऱ्याच्या मागे वाट अडते.

जागा. प्रत्येकाला एक अंथरूण असं हवं जिथे दुसरं जाणार नाही आणि पाहुण्यांची मुलंही जाणार नाहीत. पलंगाखाली शिरून बसणाऱ्याला तिथून ओढून काढू नका, ती त्याने शोधलेली माघारीची जागा आहे. बोळातलं सामान हलवा. आम्ही चपलांचं स्टँड दाराबाहेर नेलं आणि त्या एका बदलाने दोघी एकमेकींना न घासता जाऊ शकल्या. सोफ्याला पुढूनच वाट असेल तर तो भिंतीपासून दोन फूट ओढा, म्हणजे मागूनही उतरता येतं.

बेल. बेलचा आवाजच बदला किंवा काही महिने ती बंद ठेवा. दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला फोन करायला सांगा. दारावर पाटी लावली तर लोक ऐकतात. दार उघडण्याआधी एक कुत्रं गेटच्या आत, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, आजोबांनाही.

आणि माणूस. सोफ्यावरच्या दोन नोंदींत ज्याच्यावरून भांडण झालं ती ‘वस्तू’ मी होते. एक जण मांडीला टेकून बसलेला असताना दुसरा आला आणि पहिल्याने अंग ताठ केलं, की काही न बोलता उठायचं आणि खोलीबाहेर जायचं. ओरडायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. वस्तूच निघून गेली की राखायला काही उरत नाही. ‘मोठीचा मान’ म्हणून भुरीला मांडीवर घेऊन चिंगीला हाकलत असताना मी रोज आगीत तेल ओतत होते.

अंग वाचायला शिका

गुरगुर ही चांगली गोष्ट आहे. मी हे फार उशिरा शिकले म्हणून ठासून सांगते. गुरगुर म्हणजे ‘मला हे नको आहे, अजून चावलेलो नाही’. ती ऐकून तुम्ही दोघांमधलं अंतर वाढवलंत तर कुत्र्याला कळतं की सांगितलं की काम होतं. तिच्यासाठी शिक्षा केलीत तर ती जाते आणि मागचा राग तसाच राहतो.

गुरगुरीच्या आधीही बरंच काही घडतं. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवूनही डोळ्याच्या कडेने बघणं आणि त्यात पांढरी कडा दिसणं. ही ‘मला त्रास होतोय’ची पायरी आहे. त्यानंतर येतं ते थिजणं. तोंड मिटतं, श्वास क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, शेपूट वर ताठ आणि तिचं टोक बारीक थरथरतं, नजर एका जागी रुतते. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे ही समजूत इथे घात करते. सैल, अख्खं ढुंगण हलवणारी शेपूट वेगळी आणि ही वेगळी. थिजणं दिसलं की तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. त्यात ओरडायचं नाही. आनंदी आवाजात ‘चला, खाऊ!’ म्हणत स्वयंपाकघराकडे चालू लागायचं. नजर तुटली की निम्मं काम झालं.

खेळ आणि भांडण यांत गल्लत होते. खेळात पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर केलेला दिसतो, हालचाल उड्या मारल्यासारखी असते, पळणारा आणि पकडणारा यांची अदलाबदल होते, मोठं कुत्रं मुद्दाम खाली पडतं. शंका आली तर जो वरचढ दिसतोय त्याला हलकेच धरून बाजूला घ्या आणि दुसरा काय करतो ते बघा. तो परत त्याच्याकडे आला तर खेळ होता. निघून गेला, अंग झटकून लांब बसला, तर त्याला सुटका हवी होती.

पुन्हा एकत्र आणणं

किमान दोन आठवडे शांततेत गेले, वहीत नवी नोंद नाही, तर सुरुवात करा. घरात नाही, बाहेर.

आधी वास. एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत ठेवा आणि त्याभोवती खाऊ टाका. दोन-तीन दिवस एवढंच.

मग समांतर चालणं. दोन माणसं, दोन पट्टे, शक्यतो छातीचा हार्नेस, आणि मोकळी जागा: टेकडी, पहाटेचं मैदान, रविवारी रिकामा असलेला सोसायटीचा पार्किंगचा भाग. दोघांमध्ये इतकं अंतर की दोघं एकमेकांना बघूनही खाऊ खाऊ शकतील. आमच्यासाठी ते सुरुवातीला वीस पावलं होतं. एकाच दिशेला चालायचं, समोरासमोर नाही. एकाने दुसऱ्याकडे बघून मान परत वळवली की लगेच खाऊ: उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. पट्टा सैल हवा. ताणलेला पट्टा कुत्र्याचं अंग पुढे आणि वर उचलतो, आणि ते समोरच्याला आव्हान वाटतं. दर दोन-तीन दिवसांनी दोन पावलं जवळ. एखाद्या दिवशी ताठरपणा दिसला तर मागच्या अंतरावर जायचं, त्यात हार नाही. आम्हाला शेजारी शेजारी चालायला पाच आठवडे लागले.

बाहेर जमलं की घरात गेटच्या दोन बाजूंना. चादर थोडी वर करा, दोघांना आपापल्या बाजूला खाऊ द्या, पाच मिनिटांत संपवा. दुसरा दिसला की चांगलं काहीतरी मिळतं आणि दुसरा गेला की खाऊही थांबतो, हा संबंध डोक्यात बसला पाहिजे. आपण नेमकं उलट करतो. एकटा असताना लाड आणि दुसरा आला की ‘ए, नाही हां!’

शेवटी गेट उघडून, दोघांच्या अंगावर पट्टा लोंबता ठेवून, लक्ष असताना दहा मिनिटं. पट्टा ओढायचा नाही, वेळ आली तर धरता यावा म्हणून तो आहे. पूर्वी खोल चावे झाले असतील तर तोंडाच्या जाळीची सवय आधी लावून घ्या. जाळी टोपलीसारखी हवी, ज्यात कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी पट्टीने तोंड आवळून ठेवणं आपल्या उन्हाळ्यात धोक्याचं आहे, कारण कुत्रं तोंडानेच अंग थंड करतं.

दोन गोष्टी शिकवा, जास्त नको

पहिली, आपलं अंथरूण. ‘जागेवर’ म्हटलं की आपापल्या चटईवर जाऊन बसायचं. हे दोघांना वेगवेगळं शिकवा, पक्कं झाल्यावरच एकत्र घ्या. दोन चटयांमध्ये एवढं अंतर हवं की मान लांब केली तरी पोचणार नाही. बेल वाजली की जागेवर, पोळ्या लाटताना जागेवर, पाहुणे आले की जागेवर.

दुसरी, आपल्या नावाची वाट बघणं. दोघं समोर बसलेली. ‘भुरी’ म्हटलं की भुरीला तुकडा, ‘चिंगी’ म्हटलं की चिंगीला. दुसऱ्याच्या नावावर झेप घेतली तर हात मागे, काही बोलायचं नाही. आठवड्याभरात त्यांना कळतं की दुसऱ्याचं नाव ऐकू येणं ही वाईट बातमी नाही, पुढची पाळी आपलीच आहे. जेवायला आधी कोण, दारातून आधी कोण, हे असले प्रश्न यातून आपोआप सुटले. जो शांत बसतो तो आधी जातो. कधी ती भुरी असते, कधी चिंगी.

भांडण पेटलंच तर

मध्ये हात घालू नका. गळपट्टा धरायला जाऊ नका. त्या क्षणी कुत्रं कुणाला चावतंय हे बघत नाही आणि घरातल्या माणसांना होणाऱ्या वाईट जखमा बऱ्याचदा अशाच होतात. किंचाळूही नका, त्याने चेव येतो.

हाताशी ठेवायच्या वस्तू: एक जाड चादर, पाण्याची बादली किंवा मोठी बाटली, प्लायचा तुकडा. आधी मोठा आवाज, कढई जमिनीवर आपटणं किंवा बाहेरची बेल. नाही थांबलं तर तोंडावर पाणी. नाही तर दोघांवर चादर. पकड सुटल्याच्या क्षणी मध्ये प्लाय किंवा उशी घालून दोघांना वेगवेगळ्या दारांत ढकला. दोन मोठी माणसं असतील तर प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांच्या वरून धरून हातगाडीसारखं मागे, गोलाकार ओढत न्यावं. एकट्याने हे करू नका. आणि एकाने पकड घट्ट धरली असेल तर ओढू नका, मांस फाटतं.

तुम्हाला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. आपलं कुत्रं लस घेतलेलं आहे हे डॉक्टरांना सांगा, पण लस घ्यायची की नाही हा निर्णय त्यांचा.

दुसरं कुत्रं अजून आणलं नसेल तर

तर तुमच्याकडे सगळे पर्याय आहेत. शक्यतो विरुद्ध लिंगाचं आणा. एकाच लिंगाच्या जोडीत भांडणं जास्त दिसतात आणि दोन माद्यांची मिटायला सर्वांत अवघड. एकाच विणीची दोन पिल्लं एकदम आणू नका. पहिलं कुत्रं दहा वर्षांचं, थकलेलं असेल तर त्याच्या सोबतीसाठी म्हणून पिल्लू आणणं हा बहुधा त्याच्यासाठी त्रासच असतो. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाला पहिले दोन आठवडे वेगळं ठेवा, पार्व्होसारखे आजार त्या काळात बाहेर पडतात, आणि घरातल्याची लस झालेली आहे ना ते बघा. पहिली भेट बाहेर, चालताना. आणि एक लक्षात असू द्या: पिल्लू असताना पटतंय याचा अर्थ पुढेही पटेल असा नाही. एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रं सामाजिकदृष्ट्या मोठं होतं आणि बरीच भांडणं तेव्हाच सुरू होतात. आमचं तसंच झालं.

नाहीच जमलं तर

काही जोड्या जमत नाहीत. एक कुत्रं पाच किलोचं आणि दुसरं तीस किलोचं. किंवा चावे दर वेळी जास्त खोल. किंवा घरात रांगतं मूल, काठी घेऊन चालणारी आजी. अशा वेळी वर्तनाचा अभ्यास असलेला पशुवैद्य गाठा. काही कुत्र्यांना चिंता कमी करणारं औषध महिनोन्महिने द्यावं लागतं आणि त्यामुळेच बाकीचं शिकवणं डोक्यात शिरतं. उताणी पाडणं, काट्याचा पट्टा, विजेचा पट्टा सुचवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या वेदनेचा संबंध कुत्रं समोर दिसणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याशी जोडतं.

आयुष्यभर गेट आणि पाळ्या, हाही एक खरा पर्याय आहे. मी अशी घरं बघितली आहेत आणि तिथली कुत्री आनंदात आहेत. तेही झेपत नसेल तर एकासाठी दुसरं घर शोधा, जिथे ते एकटंच कुत्रं असेल. भांडणाचा इतिहास नव्या लोकांना पूर्ण सांगा. आधी आठवडाभर राहायला पाठवा, अंथरूण सोबत द्या. रस्त्यावर सोडून देणं हा मार्ग नाही. उपाशी-तहानलेलं पडेल अशा रीतीने प्राण्याला टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय घरात वाढलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांच्या गल्लीत वाट देणं-घेणं ठाऊक नसतं.

सणाचे दिवस

महिनोन्महिने शांत असलेली जोडी दिवाळीत किंवा गणपतीत भांडते. फटाके, ढोल, दारात सतत माणसं, जमिनीवर सांडलेला फराळ, सगळं एकाच दिवशी. यातलं एकेकटं त्यांनी सहन केलं असतं. म्हणून ते पाच-सात दिवस आम्ही पुन्हा गेट बंद आणि पाळ्या सुरू करतो, घरात कितीही शांत दिसत असलं तरी. फिरणं पहाटे उरकतो, कारण संध्याकाळी फटाके असतात. नैवेद्याचं ताट आणि फराळाचे डबे त्यांच्या तोंडापासून उंच. बेदाणे आणि चॉकलेट तर कुत्र्यांना विषारीच आहेत. पाहुण्यांना दारातच सांगतो की दोघींपैकी एकीलाच भेटता येईल, दुसरी नंतर. भाऊबीज झाली की आणखी दोन दिवस तसेच जाऊ देतो, मग सकाळच्या फेरीला दोघींना शेजारी शेजारी चालवतो, आणि घरी आल्यावर गेट उघडतो.